डावीकडची पेन्सिलखूण

॥ श्री ॥

पुणे, शुक्रवार, १२ नोव्हेंबर १९७१

ती. दादा व सौ. वहिनी यांस मनकर्णाचा सा. न. वि. वि.

मंगळवारी कंडक्टरबरोबर पाठवलेली चिठ्ठी पोचली असेल. तिच्यात जागा नव्हती. घडलं ते क्रमाने लिहिते.

१. सोमवारी, ८ तारखेला, नाना दुपारी सव्वातीनच्या एस.टी.ने शिवाजीनगरला आले. बरोबर पेरूची पाटी.

२. उतरताना शेवटच्या पायरीवर त्यांचे दोन्ही पाय उचलेनात. पडले नाहीत. दांडी धरून उभे राहिले. कंडक्टरने आणि मी धरून खाली घेतलं.

३. रिक्षाने मी काम करते त्या रुग्णालयात नेलं. रक्तदाब २१० वर १२०.

४. रक्त तपासलं. पोटॅशियम नावाचा एक क्षार हवा त्याच्या निम्माच निघाला. पायांतली ताकद त्याच्यावर चालते.

५. पुरुषांच्या वॉर्डात दाखल केलं. खाट क्रमांक ११.

६. शुद्धीवर आहेत. जेवणावरून वाद घालतात. पेरू शाबूत आहेत.

दाखल करतानाचा फॉर्म मीच भरला. व्यसन: नाही. चालू औषधे: नाही. नाना शेजारी बसून मान डोलावत होते. तंबाखू सुटून दोन वर्षं झाली, हे त्यांनी लिहून घेणाऱ्या कारकुनाला आपणहून दोनदा सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं.

आता डॉक्टरांना काय वाटतं ते. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक लहान ग्रंथी असते, दोन्हीकडे एकेक. तिच्यातून हार्मोन, म्हणजे एक प्रकारचा रस, रक्तात जातो. अंगात मीठ किती राहायचं आणि पोटॅशियम किती जायचं ते तो रस ठरवतो. ग्रंथीत कधी द्राक्षाएवढी गाठ होते. मग रस जास्त सुटतो, मीठ साठतं, पोटॅशियम निघून जातं, दाब चढतो. नानांची सगळी लक्षणं तशी आहेत. तो रस रक्तात मोजायची सोय इथे नाही. म्हणून सगळी भिस्त फोटोवर. गाठ आहे का आणि कोणत्या बाजूला, हे फोटोने सांगायचं. सापडली तर काढता येते, आणि बहुतेकांचा दाब उतरतो.

हे फोटो आमच्या क्ष-किरण खात्यात निघतात. मीच काढणार आहे. आमचे प्रमुख डॉ. गुप्ते आधी नको म्हणाले, मग हो म्हणाले.

दादा, बागेचा तोडा टाकून तू लगेच निघू नकोस. मी इथे आहे. वहिनी, नानांना अळणी जेवण दिलंय आणि ते तुमच्या हातच्या ठेच्याची आठवण वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकवतात. पत्र पोचल्याचं कळवा, माया आहे तशी राहू द्या.

आपली
मनकर्णा

राहाता, गुरुवार, १८ नोव्हेंबर १९७१

चि. मनावन्सं यांस मालनचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं आणि मग मला दिलं. पेरू शाबूत आहेत हे वाचून मी हसले, मग रडले. तुमचं लिहिणं असंच, वन्सं. माणूस खाटेवर आणि तुम्ही त्याला नंबर घालणार.

इकडे सगळं ठीक. कपिली व्यायली, कालवड झाली. पहिल्या दिवसाचा चीक नानांच्या वाटणीचा म्हणून कुणाला देववेना, शेवटी गोजरबाईच्या नातवंडांना दिला. ही गोजरबाई शेजारधर्म म्हणून रोज येते आणि रोज नवीन काढते. काल म्हणाली की पोरगी माणसांच्या पोटातले फोटो काढते म्हणून तिच्याच घरात हे निघालं. मी म्हटलं, मग लोहाराच्या घरात रोज आग लागायला पाहिजे.

ह्यांना मी सांगितलं की गाठ द्राक्षाएवढी. तर म्हणाले, आपल्याकडे पेरू पिकतात, द्राक्षं कुठली. हसायचं म्हणून बोलले, पण त्या दिवशी भाकरी अर्धीच खाल्ली.

नाना तिथे करमून घेतात का? त्यांना कामाशिवाय बसवत नाही. इथे असले की दिवसभर बांधावर, आणि तोंड आपलं चालू. तुम्ही तंबाखू सोडवली तेव्हापासून तुमच्या ज्येष्ठमधाच्या काड्या. कपिली रवंथ करते का नाना, बघायला मागे वळावं लागतं.

एक विचारते, रागावू नका. ते गुप्ते डॉक्टर आधी नको म्हणाले आणि मग हो म्हणाले, ते म्हातारे आहेत की तरणे? वहिनीला विचारायचा हक्क आहे.

नानांच्या पायाला हात लावून माझा नमस्कार सांगा. आठवण ठेवा, आम्ही तर ठेवूनच आहोत.

तुमची
मालनवहिनी

पुणे, रविवार, २८ नोव्हेंबर १९७१

सौ. वहिनी व ती. दादा यांस सा. न. वि. वि.

डॉ. गुप्ते यांचं वय एकसष्ट आहे. टक्कल आहे. तीन नातवंडं आहेत.

फोटो गुरुवारी, २५ तारखेला झाले. आधी हाताच्या शिरेत औषध सोडून मूत्रपिंडांचे काढले. दोन्ही सारखी, निर्दोष. मग खरं काम. डॉ. गुप्ते यांनी मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी वर सरकवत ग्रंथीच्या शिरेपर्यंत नेली आणि तिच्यातून फोटोत पांढरं दिसणारं औषध सोडलं. नाना जागे होते. पाटाचं पाणी चारीत वळवल्यासारखं गरम गरम आत पसरलं म्हणाले. वर्णन बरोबर आहे. पाणी जिथवर जातं तिथवरचं रान दिसतं, तसंच ते.

फोटोच्या क्षणी श्वास रोखायला सांगायचा आणि झाल्यावर सोडायला सांगायचा, हे माझं काम. मी शिशाच्या पडद्याआड उभी होते. श्वास रोखा म्हटलं, बटण दाबलं, आणि सोडा म्हणायला विसरले. दोन वर्षांच्या नोकरीत हे पहिल्यांदा झालं. सिस्टरने सोडा सांगितलं तरी नाना काचेतून माझ्याकडे बघत तसेच राहिले. चेहरा लाल झाला होता. मी मान हलवली तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

फिल्म अंधारखोलीत मीच धुतल्या. उजवी ग्रंथी स्वच्छ आली, थंडीत पानं गळालेल्या डहाळीसारखी. डावीचा खालचा कोपरा मला जरा फुगीर वाटला. तिथे मी पेन्सिलीने बारीक गोल केला आणि फिल्म डॉ. गुप्ते यांच्याकडे दिली. त्यांनी लिहिलं की संशय आहे, खात्री देता येत नाही. सर्जननी फिल्म उजेडाला धरली, गोल पाहिला आणि शस्त्रक्रिया ठरवली. डावी ग्रंथी काढायची. तारीख सोमवार, ७ फेब्रुवारी. तोपर्यंत अशक्तपणा भरून आला पाहिजे, आणि पेरूचा तोडा उरकल्याशिवाय पोटाला हात लावू देणार नाही असं नानांनी सर्जनना बजावलं आहे.

दाब १५६ वर ९६ पर्यंत उतरला आहे. गोळ्या आणि अळणी जेवण, दोन्हींचा गुण. दादा, बुधवारी १ तारखेला न्यायला ये. रोज पोटॅशियमचं मिक्श्चर तीन वेळा. मीठ बंद. लोणचं, पापड, ठेचा बंद. वहिनी, हे तुमच्यावर सोपवते.

ताजा कलम: दाखल झाल्या दिवशी वॉर्डच्या सिस्टरने नानांच्या खिशातली काड्यांची पिशवी झाडपाला म्हणून काढून घेतली होती. ती माझ्याकडे होती. घरी निघताना त्यांना परत देते, म्हणजे वाटेत तंबाखूच्या दुकानाकडे लक्ष जाणार नाही.

लोभ वाढता ठेवा.

आपली
मनकर्णा

राहाता, ता. २१ डिसेंबर १९७१

चि. मनास तुझ्या नानाचा आशीर्वाद.

मी सोता लिहितो हाय. चवथीपतूर शिकलो ते आज कामाला आलं. अक्षार वाकडं हाय, समजून घे.

लढाई सपली म्हनं, रेडूवर सांगितलं. तुझ्या गोरक्षदादानं समद्या आळीला पेरू वाटले. कालवड लई गुनी हाय. बाग औंदा भरून आली, पाटी उचलाया गडी पुरत न्हाई.

आल्यावर आठ-धा दिस बरा हुतो. आता पाय पुन्यांदा जड झाल्यात. बांधावर चढताना हात टेकावा लागतो. औषीद तीन टायमाला घेतो. मालन चमच्यानं घालती, लेकराला घातल्यावानी. मिठाचा खडा दिसंना घरात. लोनच्याची बरनी तिनं पेटीत घालून कुलूप लावलंय. पेटीवर निजती का काय, ठावं न्हाई.

मने, एक लिहितो, कोनाला सांगू नको. पोट उघडायचं म्हनल्यावर मला भ्या वाटतं. तुझी आई दवाखान्यात गेली ती परत आली न्हाई, त्येची आठवन हुती. मंग इचार करतो. फोटू कोनी काढला? मनानं. गोल कोनी केला? मनानं. तू मला फिलम उजेडाला धरून दावली, त्यो गोल मी बघितलाय. माझ्या लेकीनं खून केली तितं गाठ असनारच. तवा ठरल्या दिवशी येतो. काळजी करू नको.

तमाकूला शिवलो न्हाई. आठवनबी येत न्हाई.

जेवत जा येळच्या येळी. नानाला इसरू नको.

तुझा
नाना

पुणे, सोमवार, १० जानेवारी १९७२

सौ. वहिनी यांस न. वि. वि.

कोपरगावच्या डॉक्टरांनी दादाजवळ दिलेला आकडा मिळाला. २०२ वर ११८. पोटॅशियमही पुन्हा उतरलेलं असणार. इतक्या दाबावर भूल देणं धोक्याचं आहे. सर्जन म्हणतात, मीठ चालू आहे.

वॉर्डात तीन आठवडे दाब उतरत होता. घरी आल्यावर चढला. गोळ्या त्याच आहेत, मिक्श्चर तेच आहे. बदललं ते फक्त स्वयंपाकघर. मीठ कुठून तरी पोटात जातंय.

नानांच्या तोंडात सकाळपासून रात्रीपर्यंत जे जे जातं ते सगळं, वेळेसकट, मला लिहून पाठवा. काही गाळू नका. तारखेला चारच आठवडे उरले आहेत.

मनकर्णा

राहाता, रविवार, १६ जानेवारी १९७२

मनकर्णावन्सं यांस मालनचा नमस्कार.

तिळगूळ सोबत पाठवला आहे. गोड बोला असं मी तुम्हाला म्हणणार नाही, तुमची इच्छा.

तुमचं पत्र ह्यांनी मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. दीड महिना झाला, नानांना एकट्याला अळणी नको म्हणून मीही अळणी खाते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

तुम्ही वेळेसकट मागितलंत म्हणून पाच दिवस पाळत ठेवून लिहिते. पहाटे पाचला उठून तोंड धुतलं की एक काडी. सहाला चहा. सातला मिक्श्चर. मग बागेत, तिथे काड्या. दहाला बाजरीची भाकरी, अळणी कालवण, दूध. पुन्हा काड्या. दोनला मिक्श्चर, ताक, त्यात जिरं, मीठ नाही. दुपारभर काड्या, रस चघळून गिळतात, चोथा तेवढा टाकतात. सातला भाकरी, मुगाची आमटी, अळणी. आठला मिक्श्चर. निजताना एक काडी गालात.

दिवसाला मूठभर काडी जाते, माझ्या नाही, नानांच्या मुठीने. तुम्ही महिन्याला पाव किलो पाठवता ना? ते दहा दिवसांत संपतं. पुढचं ते कोपरगावच्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणतात. तुम्हाला लिहू नको म्हणाले होते. का ते विचारलं तर म्हणाले की मनाला वाटेल, बापाला अजून तंबाखूची तलफ येते. वन्सं, येते. तासातासाला येते. हात तंबाखूच्या खिशाकडे जातो, रिकाम्या खिशावर थांबतो, मग दुसऱ्या खिशातली काडी काढतात. मी रोज बघते.

याशिवाय पाणी. एवढंच. आता यात मीठ कुठे सापडतं ते तुम्हीच सांगा, तुम्ही शिकलेल्या आहात.

काड्या संपत आल्या आहेत. पुडकं पाठवा.

मालन

पुणे, रविवार, २३ जानेवारी १९७२

ती. नानांच्या चरणी मनकर्णाचा शि. सा. न. वि. वि.

गुरुवारी केलेली तार पोचली असेल. दादाचा फोन आला की तार म्हणताच वहिनी उघडायच्या आधीच रडल्या. त्यांना सांगा, पुन्हा तार करणार नाही. तारेतलं खरं आहे. ज्येष्ठमध बंद करायचा. आजपासून एकही काडी नाही, निजतानाचीही नाही.

वहिनींची यादी बुधवारी आली. तिच्यात मीठ कुठेच नव्हतं. काड्या पाच ठिकाणी होत्या. मी ती तशीच उचलून डॉ. गुप्ते यांच्याकडे नेली. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं की हे दाखल करतानाच्या फॉर्मवर का नाही. मी सांगितलं, फॉर्म मी भरला होता.

ज्येष्ठमध रोज एवढा पोटात गेला, तर शरीर त्या ग्रंथीचा रस जास्त झाल्यासारखंच वागतं. मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम टाकून देतं, दाब चढतो. परदेशी मासिकांत अशी उदाहरणं त्यांनी वाचली आहेत. मग मी तुमच्या दाबाचे सगळे आकडे एका कागदावर मांडले. वॉर्डात काड्या सिस्टरने काढून घेतल्या होत्या, ते तीन आठवडे आकडे उतरत गेले. घरी निघताना पिशवी मी तुमच्या हातात दिली, तिथून चढत गेले. गोळ्यांचा गुण म्हणून मी जे लिहिलं, ते माझ्या कपाटात पडून असलेल्या पिशवीमुळे होतं.

वहिनींनी १८ नोव्हेंबरच्या पत्रातच काड्यांचं लिहिलं होतं. मी ते थट्टा म्हणून वाचलं आणि पुढे गेले. स्वयंपाकघरावर आळ घेतला तो चुकीचा होता. वहिनी, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवत असाल. तुमची यादी नसती तर नानांचं पोट विनाकारण उघडलं गेलं असतं. आज रात्री जेवणात मीठ घ्या. तुमच्या एकटीच्या ताटात.

नाना, आता गोलाबद्दल. तुम्ही लिहिलंत की माझी खूण आहे तिथे गाठ असणारच. फिल्म मी पुन्हा उजेडावर लावली. स्पिरिटचा बोळा घेऊन गोल पुसला. पुसल्यावर डावी ग्रंथी उजवीसारखीच दिसली. फुगीरपणा फिल्ममध्ये नव्हता. मला कारण हवं होतं, काढून टाकता येईल असं, म्हणून मला तो दिसला. माझ्या हातून काढलेल्या फोटोवर विश्वास ठेवा. माझ्या पेन्सिलीवर ठेवू नका.

७ फेब्रुवारीची शस्त्रक्रिया थांबवली आहे. सर्जननी पुढची तारीख सोमवार, २८ फेब्रुवारी धरून ठेवली आहे, आणि ती घ्यायची की खोडायची ते तुमच्या आकड्यांवर आहे. गाठ खरंच असेल तर काड्या सोडूनही दाब वरच राहील. काड्यांमुळेच असेल तर महिन्याभरात उतरेल, आणि मग पोट उघडायचं कारण उरत नाही. मिक्श्चर आणि गोळ्या चालू ठेवा. दर शनिवारी, म्हणजे २९ जानेवारी, ५, १२ आणि १९ फेब्रुवारीला, दादाबरोबर कोपरगावला जाऊन दाब मोजून घ्या.

पहिल्या पगारात मी तुम्हाला धोतर आणलं होतं. ते बाजूला ठेवून मी तुमच्याकडे तंबाखूची चंची मागितली आणि माझी शपथ घातली. तुम्ही चंची दिलीत. त्यानंतर दोन वर्षं तुम्हाला तलफ येते का, हे मी एकदाही विचारलं नाही. सुटली का, एवढंच विचारलं. काड्या पाठवल्या की माझं काम झालं असं मला वाटत होतं. एवढ्या काड्या तुम्ही का चघळल्यात, ते मला आता कळलं.

फोटोच्या वेळी मी श्वास सोडा म्हणायला विसरले, तेव्हा तुम्ही तसेच धरून राहिलात. हेही तसंच राहून गेलं होतं. नाना, शपथ सुटली. तंबाखू खाऊ नये असं मला अजून वाटतं, पण ते आता माझं मत आहे, शपथ नाही.

तुमची चंची माझ्या पेटीत होती. धुऊन, बिनमिठाचा भाजलेला ओवा आणि बडीशेप भरून या पत्राबरोबर पाठवते. डॉ. गुप्ते यांना आधी दाखवली. त्यांनी चिमूटभर खाऊन पाहिली आणि हरकत नाही म्हणाले.

चार शनिवारांचे चार आकडे लिहा. प्रत्येकाच्या शेजारी त्या आठवड्यात तलफ किती वेळा आली तेही लिहा, आणि तंबाखू तोंडात गेली असेल तर तेही. मी रागावणार नाही. तुमच्या हाताने लिहा. अक्षर वाकडं चालेल, आकडा खरा हवा.

उत्तर बुधवार, २३ फेब्रुवारीपर्यंत माझ्या हाती पडावं.

तुमची
मना